पायरीवरचा उजेड : निमगाव केतकीचा एक मुक्काम

बारामती मागे टाकून संत तुकाराम महाराजांची पालखी इंदापूरच्या दिशेने निघाली की वाटेवर पाहण्यासारखे पुष्कळ असते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे सणसर, मग बेलवाडीच्या मैदानातील अश्वांचे गोल रिंगण, त्यानंतर अंथुर्णे. आणि दुतर्फा ऊस व डाळिंबाच्या बागा पाहत आपण निमगाव केतकीच्या शिवारात येऊन पोहोचतो. इथे पानमळे लागतात. शेवरीच्या आणि शेवग्याच्या खोडांवर चढलेल्या नागवेली, खाली ओलसर माती, आणि भर दुपारीही आत पाऊल टाकताच अंगाला लागणारा गारवा. दिवसभर डांबरी रस्त्याने चाललेल्या माणसाला त्या सावलीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

परंतु या लेखात मला दिवसाच्या निमगावाविषयी कमी आणि रात्रीच्या निमगावाविषयी अधिक सांगायचे आहे. देहूहून पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला होते आणि आषाढ शुद्ध दशमीला ती पंढरपुरात पोहोचते. साहजिकच बारामती-इंदापूर भागातील मुक्काम अमावास्येच्या आगेमागे येतात. आकाशात चंद्र नसतो. असलाच तर द्वितीयेची कोर दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात मावळून जाते. त्यात पावसाळी ढग. गावात, पालखीतळावर दिव्यांचा लखलखाट असतो. पण दिंड्या उतरतात त्या शेतांत आणि बागांच्या कडेला गर्द काळोख असतो. आणि त्या काळोखात सत्तरी ओलांडलेली कितीतरी माणसे रात्री दोन-दोन, तीन-तीन वेळा उठत असतात. आमच्या सासूबाई त्यांपैकीच एक. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे, एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची व्हायची राहिलेली. आणि ही त्यांची एकतिसावी वारी.

चाकांवरचे घर

वारी म्हटली की वाचकांच्या डोळ्यांपुढे टाळ, वीणा आणि तुळशीवृंदावन उभे राहते. पण प्रत्येक दिंडीबरोबर एक ट्रक किंवा टेंपोही असतो, आणि दिंडीतल्या वृद्धांसाठी तो वीस दिवसांचे घर असतो. आमच्या गावच्या दिंडीच्या टेंपोत हौद्याच्या अर्ध्या भागात फळ्या टाकून माळा केलेला आहे. माळ्यावर वळकट्या आणि पिशव्या, खाली शिधा, पातेली, तंबूचे बांबू. आणि उरलेल्या जागेत सतरंज्या अंथरून सहा-सात म्हाताऱ्या बायका झोपतात. वरून ताडपत्री. जमीन चिखलाने भरली असेल, तंबूत पाणी शिरले असेल, तेव्हा हीच एक कोरडी जागा असते. हौदा जमिनीपासून छातीएवढा उंच; म्हणून मागचा फाळका खाली सोडून त्याला तीन पायऱ्यांची लोखंडी शिडी अडकवायची. चढणे-उतरणे त्या शिडीवरून.

या घरात वर्षानुवर्षे चार पिवळे बल्ब होते. गाडीच्या इंडिकेटरला असतात तसले, एकवीस वॅटचे, वायरला लोंबकळत ठेवलेले. त्यांचा उजेड ओळखीचा, ऊबदार. पण त्यात दोन दोष होते. पहिला, ते फार तापत. तारेचा बल्ब जी वीज घेतो तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जातो, उजेड होतो तो उरलेल्या थोड्याशा भागाचा. ताडपत्रीला टेकलेल्या एका बल्बाने तिथे तपकिरी डाग पाडला होता, आणि झोपेत हात लागून एका मावशींच्या मनगटाला चटका बसला होता. दुसरा दोष बॅटरीचा. टेंपोची बॅटरी बारा व्होल्टची. चार बल्ब मिळून चौऱ्याऐंशी वॅट, म्हणजे तासाला सात अँपिअर-तास. संध्याकाळी सातपासून पहाटे पाचपर्यंत ते जळत ठेवले तर सत्तर अँपिअर-तास खर्च होणार. आणि बॅटरी सगळी मिळून शंभरची. गाडी सुरू करण्यासाठी बनवलेली बॅटरी इतकी रिकामी करणे तिच्या आयुष्याला घातक असते. एकदा पहाटे काकड्याच्या वेळी ती उतरलीच, आणि अभंग म्हणत निघायच्या ऐवजी पंधरा माणसे टेंपोला धक्का मारत होती.

तेव्हापासून चालकदादांनी नियम केला : जेवणे झाली, औषधे घेऊन झाली की दिवे बंद. नियम गाडीच्या दृष्टीने बरोबर होता. माणसांच्या दृष्टीने तो बरोबर नव्हता, हे आम्हांला गेल्या वर्षी कळले.

गेल्या वर्षीची रात्र

गेल्या वर्षी अशाच एका मुक्कामी रात्री दीडच्या सुमारास आई लघवीला उठल्या. कोणाची झोप मोडू नये म्हणून त्यांनी मला हाक मारली नाही. अंधारात चाचपत फाळक्यापर्यंत आल्या, पहिली पायरी पायाला लागली, दुसरीही लागली. तिसरी पायरी हीच जमीन असे वाटून त्यांनी पाय सोडून दिला. उजवे मनगट मोडले. कंबर वाचली, हे दैव. पुढची वारी त्यांनी गाडीत बसून, हात गळ्यात अडकवून केली.

घरी आल्यावर सगळ्यांनी मिळून निर्णय दिला की आता पुरे. डॉक्टरांनी हाडांची तपासणी सांगितली, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सुरू झाले, तोल सांभाळण्याचे व्यायाम सुरू झाले. आईंनी ते सारे निमूटपणे केले; पण त्यांचे बोलणे कमी झाले. चैत्रात एके दिवशी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मी पडले ते वारीमुळं नाही गं. पायरी दिसली नाही म्हणून पडले. पायरी घरातपण दिसत नाही कधीकधी. मग काय घरातूनपण काढणार का मला?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वृद्ध माणूस पडले की आपण त्याचे हिंडणे-फिरणे कमी करतो. ते ज्या जागी पडले त्या जागेची दुरुस्ती करावी, हे आपल्याला चटकन सुचत नाही. त्या दिवशी ठरले की आईंची वारी थांबवण्याआधी टेंपोतील दिवे बदलून पाहायचे, आणि त्यांच्याबरोबर मी स्वतः पूर्ण वारी चालायची.

पहिली दुरुस्ती, पहिली चूक

एलईडी दिवे घेणे हे आता काही नवलाचे राहिलेले नाही. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम एलईडी तयार करणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कारण त्या निळ्या प्रकाशामुळेच पांढरा एलईडी शक्य झाला. त्यानंतर थोड्याच काळात, ५ जानेवारी २०१५ रोजी, आपल्याकडे 'उजाला' योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले. आज खेड्यातल्या किराणा दुकानातही एलईडी मिळतो, आणि गाडीसाठी लागणारे बारा व्होल्टचे दिवे मोटारींच्या सामानाच्या दुकानात मिळतात.

आम्ही निघण्यापूर्वी असाच एक लांबलचक पट्टा आणला आणि हौद्याच्या वरच्या आडव्या दांड्याला लावून टाकला. शुभ्र, निळसर झाक असलेला, डोळे दिपवणारा उजेड. "दिवसासारखं दिसतंय," असे सगळे म्हणाले. वीज पूर्वीच्या तुलनेत कितीतरी कमी लागत होती, म्हणून तो रात्रभर चालू ठेवायला चालकदादांचीही हरकत नव्हती. आम्ही स्वतःवर खूश होतो.

लोणी काळभोरच्या मुक्कामापर्यंत ही खुशी टिकली. यवतला पावसाची सर येऊन गेल्यावर त्या पट्ट्यावर किड्यांचे मोहोळ उठले. पाखरे केसांत, पांघरुणात, पाण्याच्या तांब्यात. वरवंडला बायकांनी तोंडावर पदर घेऊन झोपायला सुरुवात केली. उंडवडीला एका मावशींनी सांगितले की चार रात्री त्यांचा डोळा लागलेला नाही, आणि दिवसा चालताना झापड येते. आणि सणसरच्या मुक्कामी, इतका लखलखाट असूनही, आई पुन्हा त्याच शिडीवर अडखळल्या. मी मागेच होते, म्हणून दंड धरता आला.

मी खाली उतरून पाहिले तेव्हा कारण स्पष्ट दिसले. दिवा वर आणि आत, उतरणाऱ्याच्या पाठीमागे. त्यामुळे उतरणाऱ्या माणसाची स्वतःची सावली नेमकी पायऱ्यांवर पडत होती. आत उजेड जितका प्रखर, बाहेरचा काळोख आणि पायरीवरची सावली तितकीच गडद. आम्ही उजेड आणला होता, पण पाय जिथे ठेवायचा तिथे अंधारच ठेवला होता.

वयाचा डोळा

इथे थोडे थांबून डोळ्यांविषयी सांगणे आवश्यक आहे. कारण घरातील तरुण माणसे आपल्या डोळ्यांनी पाहून उजेड ठरवतात आणि तिथेच फसगत होते.

वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि अंधारात ती पूर्वीसारखी मोठी होत नाही. आतील भिंग पिवळसर व धूसर होते. परिणामी साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे मानले जाते. म्हणजे वृद्धांना अधिक उजेड हवा, हे खरे. पण त्याच धूसर भिंगामुळे प्रखर दिव्याचा प्रकाश डोळ्यात विखुरतो आणि समोरचे सारे पांढरे धुके झाल्यासारखे वाटते. मोतीबिंदू असेल तर अधिकच. शिवाय उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला वृद्धांना बराच अधिक वेळ लागतो. तात्पर्य, त्यांना उजेड अधिक हवा, परंतु तो डोळ्यांवर यायला नको. आणि एका जागी झगमगाट व शेजारी काळोख अशी विभागणी तर मुळीच नको.

दुसरी गोष्ट झोपेची. आपल्या दृष्टिपटलात काही पेशी अशा असतात की त्या मुख्यतः दिवस-रात्रीची नोंद ठेवतात. निळसर प्रकाश पडला की त्या मेंदूला 'दिवस आहे' असे कळवतात, आणि झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक शरीरात कमी तयार होते. सकाळी हाच प्रकाश उपकारक असतो. रात्री दोन वाजता तो झोप पळवतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पिवळटलेले भिंग जाऊन स्वच्छ भिंग बसले की निळा प्रकाश पूर्वीपेक्षा अधिक आत जातो, हेही ध्यानात ठेवावे. आमच्या टेंपोतील सात जणींपैकी चौघींच्या शस्त्रक्रिया झालेल्या होत्या, आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर रात्रभर मध्यान्ह टांगून ठेवली होती.

पानमळ्याच्या कडेचे घर

निमगाव केतकीला आमची दिंडी दरवर्षी एका पानमळेवाल्यांच्या शेतात उतरते. घरमालक साठीचे, त्यांची आई नव्वदीला टेकलेली. वारकरी आले की आजी ओट्यावर येऊन बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांना हात लावू पाहतात. आमच्या आई आणि त्या आजी यांची वर्षांची ओळख. त्या दिवशी आजींनी आईंचे मनगट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "माउली, हाड मोडलं तरी पाय मोडला न्हाई. पांडुरंगानं वारी ठिवली तुझी."

रात्री जेवणानंतर आजींना औषध देण्यासाठी त्यांची नातसून आत गेली, तिच्याबरोबर मीही गेले. आजींच्या खाटेपाशी एक साधी व्यवस्था होती. खाटेच्या खालच्या पट्टीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक छोटासा पिवळसर दिवा. तसाच दुसरा उंबऱ्याशी, तिसरा पडवीच्या पायरीशी आणि चौथा शौचालयाच्या दारात. एकाही दिव्याचा ठिपका डोळ्यांना दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त जमीन. उंबऱ्याच्या कडेला पांढऱ्या रंगाची रेघही ओढलेली होती. "आजी दोनदा उठतात रात्री," नातसून म्हणाली. "मोठा दिवा लावला की त्यांना परत झोपच येत नाही, आणि नाही लावला तर आमचा जीव टांगणीला. म्हणून धाकट्या दिरानं हे असं केलं."

धाकटा दीर वायरमनचे शिक्षण घेतलेला. मी त्याला आमच्या टेंपोची गोष्ट सांगितली. तो टेंपोपाशी आला, फाळक्यावर चढला, उतरला, आणि हसला. "काकू, तुम्ही छताला उजेड दिलाय. पायाला द्यायचा राहिला." घरमालक शेजारी उभे होते. त्यांनी मळ्याकडे बोट दाखवले. "आता पानाचंच बघा. पानाला ऊन लागतंच, ऊन नसेल तर वेल वाढत नाही. पण ते शेवरीतून गाळून आलेलं लागतं. थेट ऊन पडलं की पान करपलं. म्हाताऱ्या माणसाचं तसंच समजा."

दोन तासांचे काम

दुसऱ्या दिवशीचा इंदापूरचा टप्पा मोठा नव्हता, म्हणून चालकदादाही रात्री दोन तास जागायला तयार झाले. पट्टा काढला. गावातील दुकानातून उबदार पिवळसर प्रकाशाचे दिवे आणले. खोक्यावर '२७०० केल्व्हिन' असे लिहिलेले असते. हा आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर, आणि '६५००' असेल तर तो निळसर पांढरा. पाखरेही पिवळसर दिव्यावर त्या मानाने कमी येतात.

शिडीच्या प्रत्येक पायरीखाली, उतरणाऱ्याला दिवा न दिसता फक्त खालची पायरी दिसावी अशा बेताने, अर्ध्या-अर्ध्या वॅटचे तीन छोटे दिवे बसवले. हौद्यात दोन बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर तीन वॅटचे दोन दिवे, तेही पत्र्याच्या पट्टीआड, म्हणजे उजेड भिंतीवर आपटून मग पसरेल. आणि माळ्याच्या खांबाला तीन वॅटचा एक पांढरा दिवा, स्वतंत्र बटणाचा. तो कशासाठी, असे मी विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, "गोळ्यांची पाकिटं वाचायला. आणि पाय बघायला." हे मला पटले. आमच्या दिंडीत मधुमेही वारकरी आहेत. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. फोड आला, खडा रुतला तरी कळत नाही. रोज संध्याकाळी तळवे धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांसह नीट पाहावे लागतात, आणि त्वचेवरची लाली ओळखायची तर स्वच्छ पांढरा उजेड हवा. म्हणजे पांढरा दिवा वाईट नव्हे. काम असेल तेव्हा लावावा आणि काम झाले की बंद करावा.

विजेच्या बाबतीत त्याने तीन गोष्टींचा आग्रह धरला, त्या गाडीत दिवे लावणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. एक, बॅटरीपासून निघणाऱ्या वायरवर लगेच फ्यूज हवा. वायर कुठे घासून उघडी पडली तर आग लागण्याआधी फ्यूज जावा. दोन, एलईडीला धन-ऋण टोके असतात. उलटी जोडली तर दिवा लागत नाही, म्हणून वायरींचे रंग सांभाळावेत. तीन, इंजिन सुरू असताना बारा व्होल्टच्या बॅटरीवरचा दाब चौदा व्होल्टांपर्यंत चढतो. म्हणून स्वस्तातला दिवा न घेता गाडीसाठी बनवलेला, तो चढउतार सोसणारा दिवा घ्यावा. मोठ्या ट्रकांना बहुधा दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असते. तिथे बारा व्होल्टचा दिवा थेट लावला तर तो जळून जाईल.

मग त्याने पाटीवर हिशेब मांडून चालकदादांना दाखवला. रात्रभर चालू राहणार ते पायऱ्यांचे तीन दिवे. मिळून दीड वॅट. दहा तासांत बॅटरीतून जाणार सव्वा अँपिअर-तास. पूर्वी सत्तर जात होते. दादांनी हिशेब दोनदा पाहिला आणि दिवे बंद करण्याचा आपला नियम त्याच क्षणी मागे घेतला.

सामानाचे पैसे मुलाने घेतले. मजुरी घेतली नाही. "ती पंढरपुरात माझ्या नावानं माथा टेकून फेडा," म्हणाला.

रात्र

त्या रात्री कीर्तन संपून गाव शांत व्हायला अकरा वाजले. आम्ही औषधे घेतली, पांढऱ्या दिव्याखाली एकमेकींचे तळवे पाहिले, एका मावशींच्या टाचेवरचा फोड झाकला आणि तो दिवा मालवला. हौद्यात संधिप्रकाशासारखा फिकट उजेड उरला. थोड्या वेळाने तोही बंद केला. मग फक्त पायऱ्या दिसत राहिल्या. काळोखात अधांतरी ठेवलेल्या तीन पिवळ्या फळ्यांसारख्या.

दोनच्या सुमारास मला जाग आली. आई उठून बसल्या होत्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे त्या लगेच उभ्या राहिल्या नाहीत. झोपेतून एकदम उठले की रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून मिनिटभर बसून राहिल्या, पावले हलवली. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. त्या फाळक्याशी गेल्या, शिडीचा दांडा धरला, तोंड गाडीकडे करून एकेक पायरी पाहत खाली उतरल्या. चौथ्या वेळी पाय जमिनीला लागला तेव्हा त्यांनी खाली पाहून खात्री करून घेतली. मळ्याच्या बाजूने ओल्या पानांचा वास येत होता. पाच मिनिटांनी त्या परत आल्या, चढल्या, पांघरूण घेतले, आणि थोड्याच वेळात त्यांचा घोरण्याचा आवाज येऊ लागला. मी मात्र बराच वेळ जागी होते.

पहाटे टेंपो किल्ली फिरवताच सुरू झाला. आजी ओट्यावर येऊन बसल्या होत्या. निघताना आईंनी त्यांना नमस्कार केला, तेव्हा आजींनी हाताने 'थांब' अशी खूण करून आतून पानांची एक लहानशी कवळी मागवली आणि आईंच्या ओटीत घातली. "पांडुरंगाला विडा दे माझ्याकडचा. आन पुढच्या वर्षी ये." आई म्हणाल्या, "येते." गेल्या वर्षभरात त्या इतक्या ठामपणे काही बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

पालखी इंदापूर, सराटी, अकलूज असे करीत पंढरपूरला पोहोचली. त्या रात्रींत आमच्या टेंपोत कोणी पडले नाही, आणि झोपेची तक्रारही पुन्हा आली नाही. दिवे बदलले म्हणून पडण्याचा धोका संपतो असे मी म्हणणार नाही. हाडांची ताकद, तोल, चष्म्याचा नंबर, गुंगी आणणारी औषधे, पायातल्या चपला, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो आणि त्यांसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा. पण दिवा ही अशी गोष्ट आहे की ती एका संध्याकाळी, थोड्या पैशांत, घरातील कोणीही करू शकतो.

घरी करून पाहण्याजोगे

पंढरपूरहून परतल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही हेच सारे घरी केले. वाचकांच्या सोयीसाठी ते थोडक्यात देत आहे.

रात्री सर्व दिवे बंद करून, वृद्ध व्यक्तीच्या अंथरुणावरून शौचालयापर्यंत आपण स्वतः चालून पाहावे. जिथे आपला पाय अडखळतो तिथे दिव्याची गरज आहे.

या वाटेवर घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर मंद, पिवळसर दिवे लावावेत. दिवा दिसू नये, जमीन दिसावी. हालचाल ओळखून आपोआप लागणारे दिवेही मिळतात. विसराळूपणा असलेल्या व्यक्तीसाठी ते सोयीचे.

उंबरा, पायरी आणि न्हाणीघराच्या चढउताराच्या कडेला गडद फरशीवर पांढरी आणि फिकट फरशीवर गडद रंगाची पट्टी ओढावी.

जिन्याचा दिवा चढणाऱ्या-उतरणाऱ्याच्या पाठीशी येणार नाही हे पाहावे, आणि त्याची बटणे वर व खाली दोन्हीकडे असावीत.

औषधे, नखे कापणे, पाय तपासणे, वाचन यांसाठी पांढरा, पुरेसा उजेड देणारा दिवा बाजूने, खांद्यावरून येईल असा ठेवावा. झोपण्यापूर्वी तासभर तो बंद असावा. सकाळी मात्र खिडक्या उघडून वृद्धांना भरपूर उजेडात बसवावे. रात्रीच्या झोपेला त्याची मदत होते.

प्रवासाला निघताना यांतला एखादा बॅटरीवरचा लहान दिवा बरोबर घ्यावा. लॉज असो, नातेवाइकाचे घर असो की लग्नाचे कार्यालय, अनोळखी जागी पहिल्या रात्री पडण्याचा संभव अधिक असतो.

आमच्या घरात आता आईंच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत असे चार दिवे आहेत. पुढच्या ज्येष्ठात टेंपो निघण्यापूर्वी पायऱ्यांचे दिवे तपासायचे, हे चालकदादांनी आधीच वहीत लिहून ठेवले आहे. आणि आईंनी निमगावच्या आजींसाठी एक लोकरी शाल विणायला घेतली आहे. मोडलेले मनगट अधूनमधून ठणकते, तेव्हा त्या सुया खाली ठेवतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलतात.